दुसरी पाठ

खडकवंडीचे सरपंच काकासाहेब यांनी आयुष्यात दोनदा साडी नेसली. पहिल्यांदा ते कुणाला कळू नये म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं आणि दुसऱ्यांदा ते सगळ्यांनी बघावं म्हणून. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही आणि दुसऱ्यांदा कुणाला पटलं नाही.

पहिली वेळ आली तेव्हा जिल्ह्याचं नाव अजून अहमदनगर होतं आणि काकासाहेब सरपंच नव्हते. त्यांच्याकडे एक टेम्पो होता, नवीन लग्न झालेलं होतं आणि अंगावर मांस असं नव्हतंच. त्या पावसाळ्यात पुण्याहून ओंकार नावाचा एक दिग्दर्शक खर्ड्याच्या किल्ल्यात चित्रीकरण करायला म्हणून निघाला. किल्ल्यात परवानगी मिळाली नाही, म्हणून परत फिरताना चहाला खडकवंडीत थांबला. तिथं त्याला गावाबाहेरची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, दिसली. बहात्तरच्या दुष्काळापासून तिच्यात पाणी नव्हतं. आठवड्याभरात तो कॅमेरे आणि माणसं घेऊन आला आणि ‘कोरडी बारव’ या रहस्यमय मालिकेचं काम गावात सुरू झालं. सामानाची ने-आण काकासाहेबांच्या टेम्पोतून होई.

मालिकेची गोष्ट साधी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेवर निर्मलाबाई नावाच्या शिक्षिका बदलून येतात, बारवेबद्दल गावात चौकशा करू लागतात आणि एके दिवशी नाहीशा होतात. बाई गेल्या कुठं, हे रहस्य. उत्तर ओंकारकडे लिहून तयार होतं. मुख्याध्यापकानं त्यांना धान्याच्या खोलीत कोंडून ठेवलेलं असतं आणि चौथ्या भागात त्या सापडतात. पण तोवर निर्मलाबाईंचं काम करणारी नटीच नाहीशी झाली. तिला मुंबईत एका रोजच्या मालिकेत मोठ्या सुनेचं काम मिळालं होतं. सकाळच्या एसटीनं ती जामखेडला गेली आणि तिथून तिनं ओंकारला फोन करून शुभेच्छा दिल्या.

ओंकार बारवेच्या पायरीवर डोकं धरून बसला. त्याच वेळी समोरून गावातली लंकाबाई चालली होती. डोक्यावर चाऱ्याचा भारा आणि खाली ताठ पाठ. ओंकारनं तिला थांबवलं, भारा उतरवून घेतला, तिला निर्मलाबाईंची साडी नेसायला दिली आणि सांगितलं की बारवेकडे चालत जायचं, पायऱ्या उतरायच्या, मागं वळून बघायचं नाही. हे टीव्हीवर दिसणार का, असं लंकाबाईनं विचारलं. दिसणार, पण मागून, असं तो म्हणाला. लंकाबाईला हसू आलं. मग पदर सारखा करून ती चालत गेली, आणि अशी गेली की कॅमेरावालासुद्धा थोडा वेळ यंत्र बंद करायचं विसरला.

त्या दिवसापासून निर्मलाबाई सापडायचं रद्द झालं. त्याऐवजी प्रत्येक भागात कुणाला तरी लांबून एक पाठमोरी बाई दिसू लागली. कधी ज्वारीच्या रानात, कधी देवळामागं, कधी शाळेच्या व्हरांड्यात. तोंड कुणाला दिसत नसे, कारण दाखवण्यासारखं तोंड मुंबईला गेलेलं होतं.

बाकीच्या गोष्टीही अशाच ठरत गेल्या. खडीच्या रस्त्यानं टेम्पो आदळला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर चरा उठला. दुसरी काच नव्हती, म्हणून प्रत्येक चित्रात उजव्या बाजूला धुकं आलं. जनरेटरच्या आवाजात निम्मे संवाद ऐकू येईनात, तेव्हा ओंकारनं ते काढून टाकले आणि तिथं नुसता घुमणारा सूर टाकला. रतनबाईची शेळी बारवेचा काठ सोडेना, म्हणून शेळी सगळ्या भागांत आली.

दिवाळी झाली आणि लंकाबाई घरच्यांबरोबर ऊसतोडीला निघाली. ओंकारनं तिला पुष्कळ विनवलं, पण मुकादमाचा ट्रक बारवेसाठी थांबणार नव्हता. गावातल्या दुसऱ्या बायका ती साडी नेसायला तयार होईनात. पाठमोरी बाई म्हणजे भूत आहे, तेव्हा तिची साडी अंगाला लावायची नाही, असं त्यांच्यात बोललं जात होतं. ओंकार हवालदिल होऊन इकडे तिकडे बघत असताना काकासाहेब टेम्पोत वाकून सतरंज्या काढत होते. ओंकारला फक्त त्यांची पाठ दिसली. उंची तीच, बांधा तोच.

काकासाहेबांनी साफ नकार दिला. पण सविताला, म्हणजे त्यांच्या बायकोला, या गोष्टीची इतकी मजा वाटली की घरात दोन दिवस तिचा हा एकच विषय. शेवटी कुणाला सांगणार नाही अशी शपथ ओंकारकडून घेऊन ते तयार झाले. टेम्पोला ताडपत्री बांधली, आत सवितानं त्यांना साडी नेसवली, पदर खोचून दिला आणि अंबाड्याचा टोप चढवला. उरलेल्या सगळ्या भागांत जी पाठमोरी बाई दिसते, ते काकासाहेब.

मालिका लागायच्या वेळेला खडकवंडीत वीज नसे, त्यामुळे गावानं ती पाहिली नाही. वाहिनी इतकी लहान होती की वीज असलेल्या गावांनीही पाहिली नाही. शेवटचा भाग व्हायच्या आधी वाहिनीच बंद पडली. त्यामुळे मालिका संपते ती शेळी बारवेत डोकावते तिथंच. पुढं काकासाहेब राजकारणात शिरले, मिशा राखल्या, पोट सुटलं, सरपंच झाले. साडीची गोष्ट घरात फक्त सविताला हसायला उरली.

मग करोनाची टाळेबंदी आली. कुणीतरी ‘कोरडी बारव’ इंटरनेटवर टाकली आणि घरात कोंडलेली शहरातली पोरं ती बघत बसली. एकदा बघून काहीच कळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा बघितली. तिसऱ्यांदा बघितल्यावर त्यांना सगळं कळायला लागलं. उजवीकडचं धुकं म्हणजे दुसऱ्या जगाची सीमा. संवाद मध्येच तुटतात, कारण जे खरं आहे ते भाषेत मावत नाही. शेळी हीच एकमेव साक्षीदार. शेवटचा भाग नाही, कारण शेवट बघणाऱ्यानं स्वतःच्या आत शोधायचा आहे. बघता बघता मालिकेचे भक्त झाले आणि भक्तांचे पंथ झाले. ओंकारला मुलाखतींची बोलावणी येऊ लागली. सुरुवातीला तो जनरेटरचं खरं कारण सांगायचा, पण ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात हे त्याच्या लक्षात आलं. मग तो शांतपणे हसून म्हणू लागला की काही गोष्टी न बोललेल्या बऱ्या.

या भक्तांत सृष्टी नावाची पुण्याची मुलगी सर्वांत चिकाटीची. नोकरी सोडून ती ‘बारवेच्या तळाशी’ नावाचा पॉडकास्ट चालवत होती आणि मालिकेच्या पडद्यामागची एकेक गोष्ट शोधून लोकांना सांगत होती. एकाच बाईच्या दोन चाली आहेत, हे तिनंच प्रथम दाखवून दिलं. निम्म्या मालिकेत बाई ताठ चालते. पुढं तिचे खांदे पडतात आणि डावा पाय किंचित ओढत जातो. म्हणजे पाठमोऱ्या बाया दोन. भक्तांत खळबळ उडाली. पहिली पाठ आणि दुसरी पाठ असे दोन तट पडले, आणि दुसरीचा तट फार मोठा झाला. एका प्राध्यापकांनी तर जाहीर भाषणात सांगितलं की पहिली पाठ केवळ एका बाईची आहे, पण दुसऱ्या पाठीत पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या स्त्रीचं दुःख दाटलेलं आहे, आणि असे खांदे पाडणं पुरुषाला सात जन्मांत कळणार नाही. ओंकारनंही सांगितलं की त्या दुसऱ्या कलावतीबरोबर त्यानं कित्येक महिने तयारी केली होती. नाव विचारल्यावर त्यानं डोळे मिटले.

लवकरच खडकवंडीत गाड्या येऊ लागल्या. पोरं बारवेच्या पायऱ्यांवर बसत, शेळ्यांबरोबर फोटो काढत, ज्वारीच्या रानात उभी राहून वाऱ्याचा आवाज टिपून घेत. काकासाहेबांना सुरुवातीला बरं वाटलं. त्यांनी पंचायतीतर्फे ‘पर्यटन स्थळ’ असा फलक लावला. जिल्हा परिषदेच्या तिकिटावर त्यांचा डोळा होता, तेव्हा गावाचं नाव होतंय ते चांगलंच होतं. मग एक दिवस सृष्टी पंचायतीत आली आणि तिनं सरळ विचारलं की दुसरी पाठ कुणाची.

काकासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी लंकाबाईच होती, असं त्यांनी सांगून टाकलं. सृष्टी लंकाबाईकडे गेली. पावसाळ्याचे दिवस होते, त्यामुळे लंकाबाई गावातच सापडली. ती म्हणाली की दिवाळीपर्यंत आपण होतो, मग ऊसतोडीला गेलो, मागं काय झालं ते ठाऊक नाही. सृष्टीला इतका आनंद झाला की तिनं तिथल्या तिथं लंकाबाईला मिठी मारली.

झालं, दुसऱ्या बाईचा शोध सुरू झाला. जी साडी नेसायला दहा वर्षांपूर्वी गावात एक बाई तयार नव्हती, ती आपल्याच आईनं नेसली होती असं सांगणारी घरं आता गल्लीगल्लीत निघाली. सगळ्यांत जोरदार दावा कानिफनाथचा. कानिफनाथ दूध डेअरीचा चेअरमन आणि काकासाहेबांचा हाडवैरी. त्याची आई रंगुबाई खांदे पाडून चालते, डावा पाय ओढते, हे त्यानं सृष्टीला प्रत्यक्ष दाखवलं. रंगुबाई अलीकडेच न्हाणीत घसरून पडली होती, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. रंगुबाईला ऐकू कमी येई. काहीही विचारलं तरी ती प्रेमानं मान हलवायची. सृष्टीच्या मंडळींनी तेवढ्यावर निकाल दिला.

इकडे काकासाहेबांचं वेगळंच चाललं होतं. पुण्याच्या एका चित्रकार पोरीनं परवानगी घेऊन पंचायतीच्या भिंतीवर दुसरी पाठ रंगवली होती, जमिनीपासून छतापर्यंत. ते रोज त्या चित्राखाली बसून दाखल्यांवर सह्या करत. तोवर त्यांनी मालिका पाहिलेलीच नव्हती. एका दुपारी पंचायतीत कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी मोबाईलवर ती लावली. लाज वाटेल म्हणून एक डोळा मिटूनच बसले होते. पाठ आली आणि त्यांनी दुसरा डोळाही उघडला. मग तोच भाग पुन्हा लावला. घरी जाऊन सविताला दाखवला.

“बरं चाललोय की मी,” ते म्हणाले.

सविता म्हणाली की खांदे तेवढे पाडलेत.

तेव्हापासून लोकांनी मालिकेखाली लिहिलेलं ते वाचू लागले. एकीनं लिहिलं होतं की या पाठीकडे बघून आपण पहिल्यांदा पोटभर रडलो. एकानं लिहिलं होतं की आई गेल्यानंतर ही पाठ रोज बघतो. भाषणाला टाळ्या घ्यायला काकासाहेबांना वर्षानुवर्षं घसा कोरडा करावा लागला होता, आणि इथं नुसतं मागून चालल्याबद्दल माणसं रडत होती. जेवताना ते मध्येच थांबत. पाणी प्यायला उठले की भिंतीच्या आरशाकडे पाठ करून मान मागं वळवून बघत. त्यात त्यांना कळलं की बारवेवर महोत्सव भरणार, ओंकार येणार, आणि दुसरी पाठ म्हणून रंगुबाईचा सत्कार होणार.

साडीची गोष्ट फुटली तर लोक हसतील, ही भीती त्यांना इतकी वर्षं होती. पण आपली पाठ कानिफनाथच्या आईच्या नावावर चढणार, हे त्यांना त्याहून सहन होईना.

महोत्सवाला गर्दी लोटली. मांडव बारवेच्या कडेला होता. व्यासपीठावर लंकाबाईची खुर्ची मुद्दाम लोकांकडे पाठ करून ठेवली होती. ती थोडा वेळ तशी बसली. मग उठली, खुर्ची फिरवली आणि लोकांकडे तोंड करून बसली. मांडवात कुजबुज झाली. ज्या पाठीकडे बघत इतकी वर्षं काढली तिला पुढच्या बाजूला सावळा, उन्हानं रापलेला, साधा चेहरा आहे, हे बऱ्याच जणांना झेपलं नाही. एक मुलगी वर आली आणि फोटोसाठी तिकडे बघता का मावशी, असं हळूच म्हणाली.

“तोंड बी हाय की मला,” लंकाबाई म्हणाली.

मुलगी ओशाळली, पण फोटो तिला पाठीचाच हवा होता. लंकाबाईनं दोघी-तिघींना पाठ दिली आणि मग चहा घ्यायला खाली उतरली. ती परत वर आली नाही.

रंगुबाईला शाल पांघरली गेली. तिनं सगळ्यांकडे बघून मान हलवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग सरपंच म्हणून काकासाहेबांना बोलायला उभं केलं. बारवेला रेलिंग बसवण्याबद्दल त्यांनी दोन वाक्यं कशीबशी म्हटली आणि थांबले. माईक घट्ट धरून ते म्हणाले, “दुसरी पाठ माझी हाय.”

लोक आधी हसले. गावची मंडळी जास्त हसली. काकासाहेब तसेच उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ऊसतोड, ताडपत्री, अंबाडा. हळूहळू हसणं थांबलं आणि पुण्याच्या मंडळींचे चेहरे कठोर झाले. सृष्टी उठून म्हणाली की हा विषय संवेदनशील आहे, एका ज्येष्ठ स्त्रीचं काम सत्तेतला पुरुष सगळ्यांदेखत हिरावून घेतोय. टाळ्या पडल्या. कानिफनाथच्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या.

काकासाहेबांनी ओंकारकडे बघितलं. ओंकार व्यासपीठावर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं. शिवाय दुसरा हंगाम काढण्यासाठी एका मोठ्या कंपनीशी त्याचं बोलणं चालू होतं. तो सावकाश उठला आणि म्हणाला की कलाकृती पूर्ण झाली की ती कुणाचीच राहत नाही, त्यामुळे पाठ कुणाची हा प्रश्नच चुकीचा आहे. सगळ्यांना ते फार आवडलं.

काकासाहेबांचा चेहरा उतरला. पण ते खाली बसले नाहीत. त्यांनी मांडवात मागं बसलेल्या सविताकडे बघितलं. सविता उठली, घरी गेली आणि एक साधी सुती साडी घेऊन आली. व्यासपीठामागच्या पडद्याआड तिनं ती नवऱ्याला पँट-शर्टावरूनच नेसवली. पोटाच्या घेरामुळे निऱ्या कमी पडल्या, तरी तिनं मन लावून पदर सारखा केला.

“सावकाश चाला,” एवढंच ती म्हणाली.

काकासाहेब बाहेर आले आणि लोकांकडे पाठ करून बारवेकडे चालू लागले. गावातल्या दोघा-तिघांनी शिट्ट्या घातल्या. ते चालत राहिले. काही पावलांनंतर शिट्ट्या बंद झाल्या. पायरीशी पोचेपर्यंत मांडवात कुणी बोलत नव्हतं. ते पायऱ्या उतरून दिसेनासे झाले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. ती खडकवंडीचीच होती आणि तिनं मालिका कधी पाहिलेली नव्हती.

निर्णय द्यायला ते भाषणवाले प्राध्यापक उभे राहिले. प्रयत्न प्रामाणिक आहे, असं ते म्हणाले. पण या चालीत पाय ओढला गेला नाही, खांद्यांत वेदनेचा भार नाही, आणि मुळात इथं एक पुरुष स्त्री होण्याचा अभिनय करतोय हे लांबूनही कळतं. मूळ पाठीत असा अभिनय नाही, तिथं केवळ असणं आहे. त्यावर सविता उभी राहिली. तिला भाषणाची सवय नव्हती.

“पदर मीच खोचला हुता तवा,” ती म्हणाली. “टेम्पोच्या मागं. मला काय खोटं बोलून तिकीट मिळायचंय व्हय?”

तिच्याकडे सगळ्यांनी सहानुभूतीनं पाहिलं. नवऱ्याच्या दबावाखाली बायकांना काय काय बोलावं लागतं, याचं हे उदाहरण आहे, असं सृष्टीच्या एका मैत्रिणीनं शेजारणीला सांगितलं. सविताच्या कानावर ते पडलं. ती बारवेत उतरली आणि नवऱ्याची साडी सोडवून घडी घालून घेऊन आली.

साडीतल्या सरपंचांची चित्रफीत तालुकाभर फिरली. पक्षाच्या लोकांनी काकासाहेबांना बोलावून सांगितलं की तुमच्याबद्दल आदर आहे, पण तिकिटाचं विसरा. कानिफनाथ पेढे वाटायच्या तयारीत होता, तेवढ्यात आरक्षणाची सोडत निघाली आणि जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव झाला. मग पक्षानं रंगुबाईला उभं केलं. एवढं नाव झालेली दुसरी बाई तालुक्यात नव्हती. फलक छापले, त्यांवर कानिफनाथ समोरून, हात जोडून, आणि शेजारी उमेदवार म्हणून पाठमोरी बाई. लोकांनी भरभरून मतं दिली. रंगुबाई आता सभेला जाते, तिथं कुणी काही विचारलं की मान हलवते आणि बोलायचं ते कानिफनाथ बोलतो.

दुसऱ्या हंगामाचं चित्रीकरण ओंकारनं सुप्याजवळ एका बंद कारखान्याच्या आवारात सुरू केलं. आता पैसा होता, तरी चांगल्या काचेला मुद्दाम चरा पाडून घेतला. पाठीसाठी मुंबईची एक मोठी नटी घेतली. आधी त्यानं लंकाबाईला विचारून पाहिलं होतं. येते, पण एकदा तरी तोंड दाखवा, असं ती म्हणाली. ओंकारनं कंपनीला विचारतो म्हणून सांगितलं. कंपनीचं उत्तर यायच्या आधी ऊस तोडणीला आला आणि लंकाबाई कोयता घेऊन निघून गेली.

हिवाळ्यात एका सकाळी सृष्टी एकटीच काकासाहेबांच्या घरी आली. बरोबर ना कॅमेरा ना मित्रमंडळी. सवितानं चहा टाकला. सृष्टीनं सांगितलं की जुन्या भागांचं न कापलेलं चित्रीकरण तिला एका माणसाकडे मिळालंय. त्यात दृश्य संपल्यावर पाठमोरी बाई पायरीवर बसते आणि तंबाखू मळते. मिशा नाहीत, पण चेहरा काकासाहेबांचाच आहे.

काकासाहेबांना वाटलं, आता तरी ही जगाला सांगणार. पण सृष्टीनं मान खाली घातली. सांगायचं धाडस होत नाही, असं ती म्हणाली. हजारो लोकांचा त्या पाठीवर जीव आहे, त्यांना तंबाखू कशी दाखवायची? तिला फक्त स्वतःसाठी एक विचारायचं होतं. चालताना त्यांच्या मनात काय होतं? तो पाय का ओढला जात होता, ते खांदे कशानं पडले होते?

“पोलकं काचत हुतं,” काकासाहेब म्हणाले. “आन्‌ लंकाबाईच्या मापाची चप्पल, ती पायात शिरंना.”

सृष्टीला हसू आलं, तसं सवितालाही आलं. काकासाहेब मात्र हसले नाहीत. ते आपणहून बोलायला लागले. टेम्पोपासून बारवेपर्यंत रस्ता देवळावरून जात होता. तिथं पारावर त्यांचेच मित्र बसलेले होते, रोजच्या उठण्याबसण्यातले. तोंडापुढं पदर धरलेला होता, त्यामुळे त्यांनी ओळखलं नाही. पुण्याची कुणी नटी असेल असं त्यांना वाटलं असणार. ते काही फार वाईट बोलले नाहीत. एकानं घसा खाकरला, एकजण कशावर तरी हसला आणि बाकीचे नुसते गप्प झाले. काकासाहेबांना मागं वळून बघायचं नव्हतं, तसं ओंकारनं बजावलं होतं. ते सगळं बघणं पाठीला लागत गेलं आणि खांदे आपोआप खाली आले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पारावर जाऊन बसले, तेव्हा समोरून सविता पाणी घेऊन चालली होती आणि तिचेही खांदे तसेच पडलेले होते. मग रोज चित्रीकरणाला निघताना त्यांनी तीच चाल धरली. यातलं काहीही त्यांनी सविताला कधी सांगितलं नव्हतं.

सविता चुलीशी बसली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा चहाच्या भांड्याकडे वळली.

सृष्टीनं विचारलं, हे मांडवात का नाही सांगितलं? काकासाहेबांनी सांगितलं की प्राध्यापक आधीच्या भाषणात तेच म्हणाले होते, आणि ते पुरुषाला कळणार नाही असंही म्हणाले होते, मग त्यांचं बोलणं कसं तोडायचं.

सृष्टीनं महिन्याभरानं ‘कोरडी बारव’च्या पडद्यामागच्या गोष्टींचा मोठा भाग काढला. त्यात शेळी होती, चरा होता, मुंबईला गेलेली नटी होती. दुसऱ्या पाठीबद्दल ती एवढंच म्हणाली की ते रहस्य तिला माहीत आहे आणि ते ती सांगणार नाही. भक्तांनी तिला डोक्यावर घेतलं. न कापलेल्या चित्रीकरणाचं तिनं काय केलं ते कुणाला कळलं नाही.

त्याच सुमारास पंचायतीला कुणीतरी सिमेंटची बाकं भेट दिली होती. ती बायकांच्या नळावर पाण्याला जायच्या वाटेला दोन्ही बाजूंनी मांडलेली होती आणि सकाळपासून त्यांवर पुरुष मंडळी बसलेली असत. काकासाहेबांनी एक दिवस ट्रॅक्टर लावून सगळी बाकं उचलली आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, शाळेच्या मैदानामागं नेऊन टाकली. तिथं ना झाड ना सावली. कारण विचारलं तर पर्यटकांसाठी, असं सांगतात. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. मंडळी तिथं जाऊन बसतात, डोक्यावर टॉवेल घेतात आणि सरपंचाला नावं ठेवतात.